गुण म्हणजे मार्क नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने कथेतले एकेक पात्र होऊन खेळायच्या रोलप्लेइंग खेळांवरचा लेख वाचला. या छंदाला मराठी वर्तमानपत्रात जागा मिळाली याचा आनंद झाला. मात्र ज्याच्या पात्राचे गुण जास्त तो खेळाडू सरस ठरतो, अशा अर्थाचे त्यातील विधान खटकले. मी गेली काही वर्षे शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीतील मुलांसाठी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ चालवतो, आणि नेमक्या याच समजुतीपायी पालकांशी माझी अनेकदा हुज्जत झाली आहे, म्हणून हे पत्र.

या खेळात प्रत्येक पात्राला सहा आकडे असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची शक्ती, जिला मुले सरळ करिश्मा म्हणतात. बुद्धी आणि शहाणपण वेगळे कसे, हे मराठी मुलांना समजावून सांगावे लागत नाही. ‘हुशार आहे, पण शहाणा नाही’ हे वाक्य ती घरी लहानपणापासून ऐकत आलेली असतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध केला, तेव्हा प्रत्येक आकडा तीन फासे टाकून ठरत असे आणि क्रमाने जो येईल तो घ्यावा लागे. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी १८ हा आकडा फक्त एका शक्यतेत येतो, तर १० किंवा ११ मिळून ५४ शक्यतांत, म्हणजे बहुतेक पात्रे साधारण माणसांसारखीच निघत. शिवाय त्या पहिल्या पुस्तकांत ताकद जास्त म्हणून तलवारीचा वार अधिक लागतो असेही नव्हते. ती सोय १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने आणली. आकड्यांचे वजन वाढत गेले ते त्यानंतर, आणि ते नेहमीच शहाणपणाने वाढले असे नाही: १९७८ च्या नियमपुस्तकात मानवी स्त्री पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा कमी ठेवली होती, ती जायला १९८९ ची दुसरी आवृत्ती यावी लागली.

आज प्रत्यक्ष खेळात पात्राला एखादी गोष्ट जमते का हे फासा टाकून ठरते, आणि त्या फाशात मिळवला जातो तो मूळ आकडा नव्हे, तर त्यावरून निघणारी छोटी बेरीज किंवा वजाबाकी. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून हिशेब सरळ आहे: १० किंवा ११ असेल तर शून्य, पुढे दर दोन अंकांना एक वाढतो आणि खाली दर दोन अंकांना एक घटतो. वीस बाजूंच्या फाशावर एकाची किंमत पाच टक्के. समजा, मध्यम अवघड गोष्टीसाठी १५ गाठायचे आहेत आणि त्या कामाचे खास शिक्षण कोणाकडेच नाही. ज्याचा आकडा १६ आहे त्याला फाशावर १२ किंवा अधिक हवेत, म्हणजे यशाची शक्यता ४५ टक्के. ज्याचा ६ आहे त्याला १७ किंवा अधिक हवेत, म्हणजे २० टक्के. ‘पहिल्या नंबरचा’ निम्म्याहून अधिक वेळा फसतो आणि ‘नापास’ पाचात एकदा बाजी मारतो. याला कोणी गुणवत्ता यादी म्हणणार असेल तर म्हणो बापडे.

आमच्याकडे मी तीन फाशांची जुनी रीत ठेवली आहे. मागच्या पावसाळ्यात सहावीतल्या एका मुलीला बुद्धीसाठी ६ पडले. घ्यायला आलेले तिचे बाबा दारातूनच म्हणाले, “अगं, परत टाक की!” तिने टाकले नाहीत. तिने त्या सहावर एक म्हातारा पहारेकरी उभा केला, ज्याला वाचता येत नाही आणि तसे कबूलही करवत नाही. तळघरातील शिलालेखासमोर सगळे थांबले, हिने फासा टाकला, चार आले, त्यातूनही दोन वजा. यावर ती खिसे चाचपत म्हणाली, “चष्मा घरी राहिला बाबांनो, पण डावीकडे जा असंच लिहिलंय.” चारही जण डावीकडे गेले आणि गुडघाभर पाण्यात अडकले. पुढचा तासभर खेळ त्या पाण्यातच झाला, आणि तो तास त्या सहाने दिला होता.

सध्याच्या नियमांत चार फाशांतील सर्वांत लहान वगळणे, १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे हवे तसे वाटणे, किंवा २७ गुणांत आकडे विकत घेणे, असे पर्याय आहेत. ज्याला मनातले पात्र आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी ते सोयीचे आहेत, आणि एकाच्या वाट्याला सगळेच वाईट येण्याचा अन्यायही त्यांत टळतो, हे मान्य. पण ठरलेल्या आकड्यांतसुद्धा एक ८ ठेवलेला आहे आणि तो कुठे टाकायचा यावरच माझ्याकडची मुले सर्वांत जास्त वेळ घालवतात.

गोंधळाचे मूळ मला शब्दात दिसते. इंग्रजी ‘स्कोअर’साठी लेखात ‘गुण’ वापरला आहे, आणि आपल्याकडे गुण म्हटले की दहावीचा निकाल आठवतो, नाहीतर सद्गुण. या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा तेथे साधा ‘आकडा’ हा शब्द वापरावा, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे