एक्झिट दहाच्या दादांना

प्रिय दादा,

पत्र बघून हसाल. समोर असताना थँक्यू म्हटलं की "आपण काय ऑफिसात आहोत का?" म्हणून उडवून लावायचात. म्हणून आता लिहितो, आणि चारचौघांत लिहितो. बघू कसं उडवता ते.

१९९८चा नोव्हेंबर. ज्या कंपनीने मला अमेरिकेला नेलं, तिने न्यू जर्सीत एडिसनमध्ये, म्हणजे टर्नपाइक नावाच्या टोलच्या महामार्गाच्या एक्झिट दहाला, दोन खोल्यांत आठ पोरं कोंबली होती आणि मला काम दिलं त्याच रस्त्याने पुढे सीकॉकसला. गाडी नाही, लायसन्स नाही, अंगावर तुळशीबागेतलं जर्किन. तेव्हा सीकॉकसचं स्टेशनही झालेलं नव्हतं, ते आलं २००३ साली. वाण्याच्या दुकानात मी कुणाला तरी बस विचारत होतो आणि मागून तुमचा आवाज आला, "बसचं सोड. उद्या सव्वासातला खाली उभा राहा." नाव, गाव, काही विचारलं नव्हतंत अजून.

तुमच्या त्या जुन्या कोरोलात हीटर डाव्या बाजूचाच चालायचा. आणि डेकमध्ये एक कॅसेट. "अडकलीय, निघत नाही," तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलंत. स्मिथरीन्स नावाच्या बँडचा १९८६चा अल्बम, 'एस्पेशली फॉर यू'. एक बाजू संपली की खट्ट, दुसरी सुरू. सोमवार ते शुक्रवार, जाताना आणि येताना. माझ्या आईने हरिपाठ जितक्यांदा म्हटला नसेल तितक्यांदा मी तो अल्बम ऐकला असेन.

पहिले आठ दिवस मला नुसता गोंगाट वाटला. इंग्रजी गाण्यांत आमची धाव मायकल जॅक्सनपर्यंत. मग एका सकाळी गाड्यांच्या रांगेत आमची गाडी थांबलेली, टर्नपाइकचं तिकीट मी दातांत धरलेलं, आणि 'ब्लड अँड रोझेस' सुरू झालं. आधी नुसती बास गिटार. तोच तुकडा, पुन्हा तोच, अंधाऱ्या जिन्यावरून कुणीतरी सावकाश उतरावं तसा. पुण्यात बास म्हणजे गणपतीत छातीवर आदळतं ते. बासला चाल असते हे मला तिथे कळलं. तुम्ही न विचारताच म्हणालात, "माइक मेसारोस. याच गावचा." आणि मान उजवीकडे केलीत. एक्झिट १२, कार्टरेट.

मला खरंच वाटेना. कार्टरेट म्हणजे तेलाच्या टाक्या, गोदामं, आणि पुढे लिंडनची रिफायनरी आली की काच वर करायची. असल्या गावातून बँड निघतो? मग तुम्ही रोज थोडं थोडं सांगत गेलात. गिटारवाला जिम बॅबजॅक, ड्रम्सवाला डेनिस डायकन आणि हा मेसारोस, तिघं कार्टरेटच्या एकाच शाळेतले. गाणारा, गाणी लिहिणारा पॅट डिनीझिओ तिथून जवळच्या स्कॉच प्लेन्सचा. १९८०ला एकत्र आले आणि पहिला मोठा अल्बम यायला सहा वर्षं गेली. तोवर न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवरच्या क्लबांत वाजवत राहिले. नाव घेतलं बग्ज बनीच्या कार्टूनमधून. तो मिशाळ योसेमिटी सॅम ज्याला-त्याला चक्काचूर करायच्या धमक्या देतो ना, तो चक्काचूर म्हणजे स्मिथरीन्स.

तुम्ही त्याला 'पॉवर पॉप' म्हणायचात आणि मी म्हणायचो, म्हणजे नक्की काय? तुमचं उत्तर मी अजून लोकांना ऐकवतो : "बीटल्सची चाल, पण गिटारला वीज जास्त. आणि तीन-चार मिनिटांत पसारा आवरायचा." १९८६मध्ये जो तो सिंथेसायझर आणि ड्रम मशीनच्या मागे लागला होता, तेव्हा ही मंडळी वीस वर्षं जुन्या रेकॉर्डींवर जीव टाकून बसली होती आणि ते लपवतही नव्हती. निर्माता डॉन डिक्सन, म्हणजे आर.ई.एम. या गाजलेल्या बँडच्या पहिल्या अल्बमला ज्याचा हात लागला तोच. त्याने यांना फार नटवलं नाही. डायकनची काठी ड्रमवर पडते ती तशीच ऐकू येते, कोरडी आणि खणखणीत.

पण मी अडकलो ते शब्दांत. चाल लग्नातली आणि शब्द तेराव्याचे, असला प्रकार. 'बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप' ऐकताना पाय आपोआप हलतो, आणि गाणं आहे एका मुलीसाठी अंथरुणात झुरणाऱ्या माणसाचं. त्याला लागूनच 'इन अ लोनली प्लेस', डिनीझिओचा जड आवाज आणि मागे गायिका सुझॅन व्हेगाचा हलका. ते लागलं की तुम्ही बोलायचं थांबायचात. वहिनी आणि मुलं तेव्हा सोलापूरला होती, व्हिसाचे कागद अडकलेले, हे मला फार उशिरा समजलं. मीही रडकुंडीला आलेलो असायचो, पण एक्झिट १४पर्यंत दोघंही समोर बघायचो आणि पुढचं गाणं लागलं की तुम्ही विचारायचात, "डब्यात काय आज?"

'ग्रूव्ही ट्यूसडे' मला आजही फुसकं वाटतं, हे मात्र सांगून ठेवतो. तुम्ही स्टिअरिंगवर कितीही बोटं वाजवलीत तरी.

रविवारी सकाळी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तुम्ही मला त्याच गाडीत शिकवलंत. पहिल्या टेस्टला पॅरलल पार्किंगमध्ये मी सरळ फुटपाथवर चढलो. तुम्ही एवढंच म्हणालात, "चढलास ते बघितलं. आता उतरायला शीक." दुसऱ्या खेपेला पास झालो. टोलचे पैसे मात्र तुम्ही कधी देऊ दिले नाहीत. पहिला पगार होईपर्यंत तुमचे, आणि पगार झाल्यावरही तुमचेच.

पुढे गाडी विकायला काढलीत. मेकॅनिकने डेकचं बटण दाबलं आणि कॅसेट अलगद बाहेर आली. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही लिफ्टवर चढवलेल्या कुठल्याशा व्हॅनचं तळ निरखत होतात. मग कॅसेट माझ्या खिशात कोंबलीत आणि म्हणालात, "तूच सांभाळ, माझी पाठ झाली."

डिसेंबर २०१७मध्ये डिनीझिओ गेल्याची बातमी मी पुण्यात वाचली. बासष्ट वर्षांचा होता. तुम्हाला फोन लावला तर "कळलं रे" म्हणालात, आणि मग बराच वेळ दोघंही गप्प. उरलेल्या तिघांनी जानेवारीत न्यू जर्सीतल्याच रेड बँकला त्याच्यासाठी मोठा कार्यक्रम केला. आता ते दुसऱ्यांना गायला बोलावतात. त्यांतला एक गायक मार्शल क्रेन्शॉ, ज्याने याच अल्बमवर थोडं वाजवलं होतं. घरचाच माणूस म्हणायचा. ऐकलंत का त्याला? मला तो आवडतो, पण 'ब्लड अँड रोझेस'ला डिनीझिओचा घसाच हवा.

कॅसेट अजून आहे. एका जागी फीत चुरगळली आहे, तिथे दोन सेकंद सगळा बँड पाण्याखाली जातो. मुलीला ऐकवली तर ती म्हणाली, "बाबा, हे मुद्दाम केलंय का?" मी हो म्हणून टाकलं.

मे महिन्यात तिला घेऊन येतोय. गाडी मी चालवणार, तुम्ही शेजारी बसायचं. एक्झिट १२ला बाहेर पडून कार्टरेट तिला दाखवायचं आहे. टोल माझा, आणि त्यावर वाद नको.

तुमचा,
सव्वासातला खाली उभा राहणारा