चार गट करण्याआधी

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या थिसिसचा प्रोटोकॉल वाचला. एकाच चाचणीत दोन औषधं तपासायची, तीही फॅक्टोरियल पद्धतीने (फक्त पहिलं, फक्त दुसरं, दोन्ही आणि एकही नाही, असे चार गट करून), ही कल्पना मला मनापासून आवडली. पण ‘निम्म्या रुग्णांत काम होईल’ एवढ्याच कारणावर तू भिस्त ठेवली आहेस, ते पटलं नाही.

१९८८ची आयसिस-२ चाचणी बघ. हार्ट अटॅकचे १७,१८७ रुग्ण. स्ट्रेप्टोकायनेज हे रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं की नाही, ॲस्पिरिन द्यायचं की नाही, हे स्वतंत्रपणे ठरवलं. गट झाले चार. पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू स्ट्रेप्टोकायनेजने १२.० टक्क्यांवरून ९.२वर आले, ॲस्पिरिनने ११.८वरून ९.४वर. म्हणजे घट २.८ आणि २.४, मिळून ५.२. आता दोन्ही न मिळालेल्यांत १३.२ टक्के आणि दोन्ही मिळालेल्यांत ८.० टक्के, तिथेही फरक ५.२च! प्रत्येक रुग्ण दोन्ही प्रश्नांसाठी मोजता आला, कारण एका औषधाने दुसऱ्याच्या कामात लुडबुड केली नाही. हा हिशेब मला आजही फार सुंदर वाटतो.

तुझी दोन्ही औषधं मात्र साखरच उतरवणारी आहेत. सुरुवातीचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर, जितकं जास्त, तितकी घट मोठी. मग पहिल्याने खाली आणलेल्या रुग्णात दुसऱ्याला वाव कमी उरतो. अशा वेळी सगळे एकत्र मोजून काढलेली सरासरी एकेकटं औषध घेणाऱ्याला लागूच पडत नाही. आणि ‘इंटरॲक्शनची, म्हणजे एका औषधामुळे दुसऱ्याचा परिणाम बदलतो का याची, चाचणी करून बघू’ असं म्हणू नकोस. मूळ परिणामाएवढंच इंटरॲक्शन पकडायलाही साधारण चौपट रुग्ण लागतात. तुझ्या संख्येत ते सापडलं नाही, तर ते नाहीच असं सिद्ध होत नाही. हा निर्णय आधी, औषधशास्त्राच्या आधारावर घ्यायचा.

दोन्ही औषधं चालतील असेच रुग्ण घेता येतील, तेव्हा भरतीही मंदावेल. दोन्ही न मिळणाऱ्या गटाचे नेहमीचे उपचार चालूच राहतील, हे स्पष्ट लिही; एथिक्स कमिटी विचारणारच. एक भाग लवकर थांबवावा लागला तर दुसऱ्याचं काय, तेही ठरव. अमेरिकेतल्या २२,०७१ डॉक्टरांवरच्या अशाच फॅक्टोरियल चाचणीत ॲस्पिरिनचा भाग १९८८मध्ये थांबला, बीटा-कॅरोटिनचा १९९५च्या अखेरपर्यंत चालला.

निकालात चारही गटांचे आकडे वेगवेगळे देशील, हे प्रोटोकॉलमध्येच घाल. दर महिन्याला ओपीडीत असे किती रुग्ण येतात ते विचारून ठेव. रविवारी फोनवर हिशेब करू. संख्या पुरत नसेल तर एकच औषध ठेव, मी गाइडसरांना पटेल असं टिपण करायला मदत करीन.

तुझी,
आई