अभ्यासक्रम उलटा करणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअर कंपनीतल्या तज्ज्ञ म्हणून आमच्या अभ्यास मंडळावरची तुमची मुदत जूनमध्ये संपली. निरोपाच्या बैठकीत शाल-श्रीफळ झालं, चहा झाला, तुम्हाला पुण्याची गाडी गाठायची होती आणि बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण बी.व्होक. (कामाचं कौशल्य शिकवणारी तीन वर्षांची पदवी) चालवणाऱ्या इतर कॉलेजांतल्या माझ्यासारख्या समन्वयकांपर्यंतही ते पोचावं असं वाटतं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आमचा सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटचा अभ्यासक्रम लिहून झाला होता. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१४ च्या योजनेप्रमाणे सहा सत्रं, १८० क्रेडिट, त्यांतले १०८ कौशल्याचे आणि ७२ सामान्य शिक्षणाचे. बेरीज चोख होती. पण खरं तर आम्ही बीएस्सीचा सिलॅबस समोर ठेवून त्याचेच विषय पुढेमागे केले होते. पहिल्या वर्षाला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा, गणित; कामाचं जे काही होतं ते सगळं तिसऱ्या वर्षाला. तुम्ही पानं चाळलीत आणि विचारलंत, "पहिल्या वर्षानंतर एखादी मुलगी डिप्लोमा घेऊन घरी गेली, तर तिला कुठलं काम करता येईल?" आम्ही तिघेही गप्प बसलो.

एका वर्षाने डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, हे आम्ही माहितीपत्रकावर ठळक छापलं होतं. अभ्यासक्रमात मात्र त्याचा पत्ता नव्हता. मग तुम्ही चार शनिवार दिलेत. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या सेक्टर स्किल कौन्सिलने एकेका कामासाठी ठरवलेली मानकं टेबलावर पसरलीत आणि आधी काम, मग त्याला लागणारा विषय, असं करत आख्खं पहिलं वर्ष नव्याने मांडलंत. टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणं, पहिल्या सत्रात आलं, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) दुसऱ्यात, इलेक्ट्रॉनिक्स निम्म्यावर आलं. गणिताला मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत. आमच्या गणिताच्या सरांना त्याचं अजून अप्रूप आहे.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलाय तो लॅबमधला दिवस. एका मुलाने बग रिपोर्टमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष कळवण्याच्या नोंदीत, तीनच शब्द लिहिले होते, 'लॉगिन चालत नाही'. तुम्ही त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसलात. "मी पुण्यात बसलेय, मला तुझी स्क्रीन दिसत नाही. तू काय केलंस, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं सांग." त्याने आधी मराठीत लिहिलं, मग तुम्ही दोघांनी मिळून ते इंग्रजीत केलं. पासवर्डच्या शेवटी एक स्पेस राहिली की लॉगिन अडतं, हे लिहिता लिहिता त्याचं त्यालाच सापडलं. तुमचे ते तीन प्रश्न आता लॅबच्या भिंतीवर लावलेत.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमचा फार ऋणी आहे. तुमच्याच कंपनीतलं टूल अभ्यासक्रमात घालू या, असं आम्ही हौसेने सुचवलं होतं. तुम्ही साफ नाही म्हणालात. "आमची कंपनी ते उद्या बदलेल, मुलं मात्र अडकून पडतील." कंपनी आणि कॉलेज एकत्र आले की मुलं कोणासाठी घडवायची हा प्रश्न येतोच. सिलॅबस एकाच कंपनीच्या मापाने शिवला तर ती पदवी उरत नाही, त्या कंपनीचं ट्रेनिंग होतं. ज्यांना यातून फायदा होऊ शकला असता त्या तुम्हीच ही काळजी घेतलीत.

आमच्या फायलीत सामंजस्य करार बरेच आहेत. त्यांतल्या एका कंपनीचे लोक सह्या करून, फोटो काढून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. मुलांच्या इंटर्नशिपसाठी मी वर्षभर फोन करत होतो. त्या वर्षी आमची अकरा मुलं तुम्ही तुमच्या टीममध्ये घेतलीत आणि प्रत्येकाला खरं काम दिलंत. त्यांचं मूल्यमापन करायला रात्री जागून शेरे लिहिलेत, 'चांगला आहे' असं एकालाही न लिहिता.

तुमच्या त्या पहिल्या प्रश्नातली मुलगी पुढे खरोखरच आली. वडील आजारी पडले म्हणून ती पहिल्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन गेली. पूर्वीच्या सिलॅबसवर ती रिकाम्या हाताने गेली असती. तिला तालुक्याच्या गावीच एका छोट्या सॉफ्टवेअरवाल्याकडे टेस्टिंगचं काम मिळालं. यंदा जुलैत ती दुसऱ्या वर्षाला परत आली, फी स्वतःच्या पगारातून भरली. पावती फाडताना क्लार्कने मला हाक मारून बोलावलं, म्हणून मला हे कळलं. तुम्हाला कळायलाच हवं होतं.

मॅडम, मनापासून आभार. आता मंडळावर नसलात तरी एखाद्या शनिवारी या. तिसऱ्या वर्षाचे प्रकल्प डिसेंबरात सुरू होतात आणि मुलं तुमच्याबद्दल विचारतात.

आपला नम्र,
समन्वयक, बी.व्होक. सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट