पाठ्यपुस्तक वाचण्यासाठीही एक तास द्या : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षणमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवते. गेल्या सत्रात एक विद्यार्थिनी थर्मोडायनॅमिक्सचे, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचे, प्रकरण उघडून माझ्यापुढे बसली. पानातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर पिवळी शाई फिरवलेली होती. म्हणाली, "मॅडम, तीनदा वाचलं. वाचताना सगळं कळतं, पुस्तक मिटलं की काहीच आठवत नाही." मुलगी कष्टाळू आहे. असे पुस्तक कसे वाचायचे, हे तिला कुणी दाखवलेच नव्हते. तिच्या वयात मलाही कुणी दाखवले नव्हते.

आम्ही एकच वाक्य घेतले : तापमान आणि दाब स्थिर असताना प्रक्रिया आपोआप घडायची असेल, तर गिब्ज मुक्त ऊर्जा (उष्णता आणि एन्ट्रॉपी यांचा एकत्र हिशेब मांडणारी राशी) कमी व्हावी लागते. ओळ एकच, पण तिच्यात प्रश्न किती दडलेले! दाब स्थिर का? 'आपोआप' म्हणजे लगेच का? नाही, साध्या तापमानाला आणि दाबाला हिऱ्याचे ग्रॅफाइट होणे ही आपोआप घडणारी प्रक्रिया आहे, तरी हिरा हिराच राहतो. हे तिला नवीन होते, कारण ती ओळ तिने रंगवली होती, तिला काही विचारले नव्हते.

मग पुस्तकाच्या शेवटच्या तक्त्यातले आकडे काढले. एक मोल बर्फ वितळायला सुमारे ६.०१ किलोजूल उष्णता लागते आणि एन्ट्रॉपी, म्हणजे कणांच्या विस्कळीतपणाचे माप, सुमारे २२ जूल प्रति केल्विन वाढते. उष्णतेला एन्ट्रॉपीने भाग म्हटले. उत्तर आले ०.२७३. ती गोंधळली. थोड्या वेळाने तिचे तिलाच दिसले की वर किलोजूल आहे आणि खाली जूल. दुरुस्त केल्यावर आले २७३ केल्विन. "हा तर बर्फाचा वितळणबिंदू!" एवढे म्हणून ती गप्प झाली. त्या तापमानाला बर्फ आणि पाणी यांची मुक्त ऊर्जा सारखी असते, म्हणून भागाकारातून नेमके तेच तापमान निघते. मग तिने पुस्तक मिटले आणि ते वाक्य आपल्या शब्दांत, न अडखळता सांगितले.

या एका पानाला पन्नास मिनिटे लागली. मंत्रिमहोदय, माझे म्हणणे या पन्नास मिनिटांबद्दलच आहे.

आमच्या वेळापत्रकात व्याख्यानाला तास आहे, प्रात्यक्षिकाला तास आहे. पाठ्यपुस्तक वाचायला एकही नाही. अभ्यासक्रमाच्या शेवटी पुस्तकांची यादी असते, आणि ती मुलांनी घरी वाचावीत असे सगळे गृहीत धरतात. विज्ञानाचे जाडजूड पुस्तक कादंबरीसारखे सलग वाचता येत नाही. त्यात आकृती आधी पाहावी लागते, चिन्हांची यादी शेजारी ठेवावी लागते, मागच्या प्रकरणात जाऊन यावे लागते. 'यावरून सहज दिसते की' असे लेखक लिहितो आणि मधल्या तीन पायऱ्या गाळतो. त्या कागदावर स्वतः भरून काढायच्या असतात. हे माहीत नसलेल्या मुलाला वाटते, इतरांना सहज दिसते ते मलाच दिसत नाही. या एका समजुतीपायी किती मुले पुस्तक सोडून तयार नोट्सकडे वळतात, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे.

पुन्हा पुन्हा वाचल्याने लक्षात राहते, हा समजही तपासून पाहिला गेला आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला. इतरांनी तो एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. उतारे छोटे होते, पाठ्यपुस्तकाचे प्रकरण त्याहून कितीतरी जड असते. तरी माझ्या विद्यार्थिनीचे 'वाचताना कळतं' मला त्या पहिल्या पाच मिनिटांतच दिसते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विज्ञान विषयाला आठवड्यातून एक वाचनतास द्यावा. शिक्षकाने त्यात व्याख्यान देऊ नये. मुलांबरोबर एक-दोन पाने कागद-पेन्सिल घेऊन वाचावीत, शेवटी पुस्तके मिटून प्रत्येकाने आठवेल ते लिहावे. त्यासाठी पोर्शन कमी करावा लागेल, आणि तो करावा. धावतपळत संपवलेल्या दहा प्रकरणांपेक्षा नीट वाचलेली सात मला चालतील. परीक्षेतही एक प्रश्न न शिकवलेल्या पानावर असावा : हे वाचा, गाळलेली पायरी लिहा. नाहीतर हा तास कागदावरच राहील. ग्रंथालयांनी अशी पुस्तके पूर्ण सत्रासाठी द्यावीत.

व्हिडिओ आहेतच, असे आपले अधिकारी सांगतील. मीही ते दाखवते, चांगले असतात. पण व्हिडिओ आपल्या गतीने पुढे जातो, आणि अडलेल्या जागी थांबून राहायची सवय पुस्तकानेच लागते.

अभ्यासक्रमाची पुढची फेररचना होईल तेव्हा हा प्रस्ताव मांडावा, आणि त्याआधी एकदा आमच्या वर्गात येऊन बसावे, ही विनंती. पुढचे प्रकरण रासायनिक समतोलाचे आहे. त्यातली गाळलेली पायरी शोधताना मुले आपसात काय बोलतात, ते आपण स्वतः ऐकावे.

आपली,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका