डिस्चार्ज कार्डावर चालण्याचा वेगही लिहा

संपादक महोदय,

हार्ट अटॅकनंतर ऐंशीच्या घरातल्या माणसाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर बरेच काही लिहिलेले असते. कोणत्या रक्तवाहिनीत किती टक्के ब्लॉकेज होते, स्टेंट कुठे बसवला, हृदयाचे पंपिंग किती, गोळ्या कोणत्या. हा माणूस हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठतो का, चार मीटर चालायला त्याला किती सेकंद लागतात, हे मात्र कुठेच नसते. पुढची वर्ष-दोन वर्षे कशी जातील हे ठरवण्यात या दोन गोष्टींचा वाटा मोठा असतो, आणि त्या टिपायला घड्याळ पुरते.

ही ताकद ओसरते, त्या अवस्थेला डॉक्टर फ्रेल्टी म्हणतात. घरची माणसे म्हणतात, ‘खंगलेत’, ‘अंगात उभारी राहिली नाही’. रोजचे जेमतेम निभते, पण ताप, पडणे, अटॅक असा एखादा धक्का बसला की सावरायला गाठीला काहीच उरलेले नसते, ती ही अवस्था. वयाशी तिची गल्लत करू नये. ८५ वर्षांचा माणूस काटक असू शकतो आणि ६८ वर्षांचा फ्रेल. २००१ मध्ये अमेरिकेतल्या वार्धक्य-संशोधक लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा मांडल्या: प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलोहून जास्त वजन घटणे, सततचा थकवा, हाताची कमजोर पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा जास्त खुणा असल्या तर फ्रेल, एक-दोन असल्या तर माणूस उंबरठ्यावर आहे असे समजायचे.

वॉर्डात वेळ कमी असतो म्हणून १ ते ९ अशी क्लिनिकल फ्रेल्टी स्केल वापरतात; १ म्हणजे ठणठणीत, आकडा वाढतो तशी फ्रेल्टी जास्त. तिच्यात हमखास होणारी चूक म्हणजे सलाईन लावून पडलेल्या रुग्णाकडे बघून आकडा देणे. त्या दिवशी सगळेच गलितगात्र दिसतात. विचारायचे असते ते आजारापूर्वी दोन आठवडे माणूस कसा होता हे: खरेदीला स्वतः जात होता का, औषधे स्वतः घेत होता का, आंघोळीला मदत लागत होती का. हे बरोबर राहणाऱ्या माणसाला विचारावे, कारण रुग्ण बहुधा ‘मी ठीकच होतो’ एवढेच सांगतो.

अटॅकनंतरचा धोका मोजण्याच्या ग्रेस स्कोअरमध्ये आठ बाबी आहेत. वय, नाडी, रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला घटक) वगैरे. स्नायूंच्या ताकदीबद्दल त्यात एक अक्षर नाही. म्हणून सारखाच स्कोअर असलेल्या दोन रुग्णांपैकी एक महिन्यात हिंडूफिरू लागतो आणि दुसरा पुन्हा पुन्हा भरती होत राहतो.

नुकसान होते कसे, ते पाहू. धडधाकट ज्येष्ठांनाही दहा दिवस अंथरुणात ठेवले तर पायांच्या स्नायूंचे वजन जवळजवळ एक किलोने घटते. ज्याच्याकडे मुळातच थोडे आहे त्याची अवस्था काय होईल? त्यात औषधांचे गणित चुकते. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. स्नायू झिजले की मूत्रपिंडे थकलेली असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसतो. ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईंचे क्रिएटिनिन १.० असले, तरी नेहमीच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने मूत्रपिंडांची क्षमता मिनिटाला अवघी ३२ मिलीलिटरच्या आसपास निघते. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा डोस हे न बघता दिला तर रक्तस्राव होतो. मग घाबरून गुठळी रोखणाऱ्या गोळ्याही थांबवल्या जातात आणि नव्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती उभी राहते. ही साखळी टाळता येते. नेदरलँड्समधल्या पॉप्युलर एज चाचणीत (२०२०) सत्तरीपुढच्या रुग्णांत क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या सौम्य गोळीवर रक्तस्राव १८ टक्के, तर त्याच कामाच्या अधिक तीव्र गोळ्यांवर २४ टक्के दिसला. रुग्णाने स्वतःहून मात्र कोणतीही गोळी बदलू किंवा थांबवू नये.

‘वय झालंय, आता अँजिओग्राफी कशाला?’ हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. ईसीजीच्या आलेखातला एसटी नावाचा भाग उंचावलेला मोठा अटॅक असेल तर फ्रेल्टीच्या नावाखाली बंद रक्तवाहिनी उघडायला उशीर करू नये. दुसऱ्या प्रकारच्या, एसटी न उंचावलेल्या अटॅकमध्ये निर्णय खरोखर नाजूक आहे. ब्रिटनमधल्या सिनियर-रीटा चाचणीत (२०२४) ७५ आणि त्यापुढच्या १५१८ रुग्णांना सुमारे चार वर्षे पाहिले. हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अटॅक, हे मिळून दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले: अँजिओग्राफीच्या गटात २५.६ टक्के, फक्त औषधांच्या गटात २६.३. पुन्हा अटॅक येण्याचे प्रमाण मात्र पहिल्या गटात कमी होते, ११.७ विरुद्ध १५ टक्के. इथे सरसकट उत्तर नाही. रुग्णाला काय हवे आहे हे विचारूनच ठरवावे लागते.

फ्रेल्टी काही अंशी मागे फिरवता येते, हे घराघरात पोचायला हवे. इटलीतल्या पाइपलाइन चाचणीत (२०२५) अटॅकनंतर महिन्याभराने ज्यांची चाल आणि तोल कमी पडत होता अशा पासष्टीपुढच्या ५१२ जणांना घेतले. एका गटाला नेहमीचीच काळजी मिळाली; दुसऱ्याला व्यायाम, आहाराचा सल्ला आणि रक्तदाब-साखरेवर नियंत्रण एवढाच जादा उपचार होता. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा त्यासाठी अचानक भरती होण्याचे प्रमाण पहिल्या गटात २०.६ टक्के, तर दुसऱ्यात १२.६ टक्के निघाले.

चालीची आणि पायांच्या ताकदीची मोजणी करायची ती अशी. चार मीटरच्या आधी आणि नंतर थोडी मोकळी जागा ठेवा, कारण उभ्या जागेवरून वेळ धरली तर वेग खोटा कमी येतो. ‘नेहमीसारखे चाला’ एवढेच सांगा. काठी चालते. पाच सेकंदांहून जास्त लागले तर वेग मंद. मग हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीशी बांधून पाच वेळा उठबस. पंधरा सेकंदांपुढे गेले तर पायांत ताकद कमी आहे. तोल जाईल म्हणून शेजारी कुणी तरी उभे राहावेच. घरी सोडताना आजाराचा थकवा असतो, म्हणून महिन्याने पुन्हा मोजावे. त्याच वेळी झोपून आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाब बघावा. वरचा आकडा २० ने घसरला तर पडण्याचा धोका आहे, गोळ्यांचा फेरविचार हवा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर उठबस हाच पहिला व्यायाम. जमेल तितक्या वेळा, दिवसातून दोन-तीनदा, दर आठवड्याला थोडी वाढ. छातीत दुखले, चक्कर आली किंवा बोलता येणार नाही इतका दम लागला तर लगेच थांबावे. आणि जेवण तोडू नये. अटॅकनंतर भीतीपोटी ताटातले एकेक काढून घेतात, वजन उतरले की घरचे खूश होतात. खंगलेल्या माणसाचे वजन उतरते तेव्हा बहुतेकदा स्नायूच जात असतात. अशा माणसाला दर किलो वजनामागे रोज किमान १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोला ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आमची रुग्णालयांना विनंती एवढीच: कार्डावर तीन ओळी वाढवा. आजारापूर्वीचा फ्रेल्टीचा आकडा, चार मीटरचे सेकंद, पाच उठबशींचे सेकंद. त्यांच्याखाली महिन्यानंतरच्या मोजणीसाठी तीन रिकाम्या जागा ठेवा, आणि नातेवाइकांनी पहिल्या फेरतपासणीला त्या भरून मागाव्यात.

आपले,
हृदयरोग आणि वार्धक्य-उपचार क्षेत्रातील काही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट