मोहिमेआधी पुस्तकाचं वजन कर

पुणे,
१२ ऑगस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

सह्याद्रीच्या ४×५ निगेटिव्हांचं (मोठ्या कॅमेऱ्याच्या, चार बाय पाच इंचांच्या फिल्मचं) पुस्तक स्वतःच काढायचं आणि पैसे क्राउडफंडिंगच्या मोहिमेने (वाचकांकडून आगाऊ घेऊन) उभे करायचे, हे तुझं ठरलं ते बरं झालं. किती रक्कम मागू, असं विचारतोस. ते इतक्यात सांगता येणार नाही. आधी पुस्तकाचा आकार, पानं आणि वजन ठरू दे, रक्कम त्यातूनच निघते. गोल आकडा आधी जाहीर करणारे पुढे पोस्टाच्या खिडकीवर बुडतात.

आकार १२×१० इंच, आडवा धर. त्यात १०×८ चं चित्र बसवलं की चारही बाजूंना एकेक इंच कोरा कागद राहतो आणि तुझी चौकट कुठेच कापावी लागत नाही. चित्र दोन पानांवर पसरवायचा मोह टाळ, कोकणकड्याची धार नेमकी शिवणीत जाते. मात्र आकार पक्का करण्याआधी प्रेसला त्यांच्या शीटचा साइझ विचार. अर्ध्या-पाऊण इंचाच्या हट्टापायी बराच कागद कटिंगमध्ये जातो.

आता स्कॅनचं. पाच इंचाची निगेटिव्ह दहा इंचांवर छापायची म्हणजे ती फक्त दुप्पट मोठी होते. ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापायला ६०० पीपीआयचं स्कॅन गणिताने पुरतं. चांगल्या फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) १२०० ने केलंस तरी ती चैनच. ड्रम स्कॅन (फिरत्या नळकांड्यावर फिल्म चढवून केलेलं महागडं स्कॅन) अंदाजपत्रकातून सरळ काढून टाक. मग एवढा कॅमेरा पाठीवर वाहिला कशाला, असं कुणीतरी विचारणारच. त्याला पुस्तकातच उत्तर दे. दोन-तीन ठिकाणी समोरच्या पानावर त्याच निगेटिव्हचा सव्वा इंच बाय एक इंचाचा तुकडा २४०० पीपीआयने स्कॅन करून छाप. ३०००×२४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे बरोब्बर १०×८. डाव्या पानावर अख्खा कडा आणि उजवीकडे त्याच कड्याच्या दोन थरांमधल्या कारवीच्या काड्या! मोहिमेच्या व्हिडिओतही हीच जोडी दाखव, ट्रायपॉडशेजारचा तुझा फोटो नको. स्कॅन मात्र या दमट हवेत करू नकोस. फिल्मची चकचकीत बाजू काचेला चिकटते आणि न्यूटनची वलयं (गोल गोल रेषा) उमटतात.

छपाई ड्युओटोनमध्येच कर, काळी अधिक एक करडी शाई. चार रंगांतून कृष्णधवल काढलं की एक फॉर्म (एकत्र छापलेला १६ पानांचा गठ्ठा) हिरवट येतो, दुसरा गुलाबी, आणि बांधणीत ते शेजारी बसतात. खरी भीती सावल्यांची. ऑफसेटला ठिपका फुगतो, फाइलमधला ५० टक्के ठिपका कागदावर ६५ च्या आसपास दिसतो आणि ९५ च्या पुढचं सगळं काळं भरून जातं. तुझा भिजलेला कातळ नेमका तिथेच आहे. म्हणून प्रेसकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल (त्यावर शाई कशी उतरते याची फाइल) घे, आणि सगळ्यात गडद आणि सगळ्यात धुकट अशी दोन चित्रं त्याच कागदावर, त्याच शायांनी मशीन प्रूफ (खऱ्या मशीनवरची चाचणी छपाई) करून घे. स्क्रीनवर बघून होकार देऊ नकोस. मॅट आर्ट पेपरवर गडद काळा समोरच्या पानाला लागतो, तेव्हा वरून मॅट व्हार्निश हवंच.

वजन असं काढ. ९६ पानं म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले ४८ कागद (१६ पानांचे सहा फॉर्म). १२×१० चा कागद ०.०७७ चौरस मीटर. १७० जीएसएमने (चौरस मीटरला १७० ग्रॅम) एक कागद १३ ग्रॅम, आतला मजकूर सुमारे ६३० ग्रॅम. कव्हरचे पुठ्ठे, पुस्तनी (कव्हरला आतून चिकटवायची पानं) आणि कापड धरून प्रत किलोच्या घरात जाते, खोक्यासकट सव्वा-दीड किलो. शिवाय कुरिअरवाले आकारमानाचं वजन लावतात. ३६×३१×६ सेंटिमीटरचा खोका, भागिले ५०००, म्हणजे १.३४ किलो. पाचपदरी खोका घे आणि पुस्तकाचे चारही कोपरे मोकळे राहतील असं बांध. मार खातो तो कोपराच.

हिशेबात बहुतेकजण कुठे फसतात ते नमुन्याच्या आकड्यांवर सांगतो, खरे आकडे कोटेशनमधून घाल. समज ५०० प्रती. डिझाइन, प्लेटा, प्रूफ मिळून २,५०,००० रुपये. कागद-छपाई-बांधणी प्रतीमागे ६००, खोका आणि टपाल १८०. किंमत १,८००, त्यातून प्लॅटफॉर्म आणि पेमेंट गेटवेचे ८ टक्के गेले की उरतात १,६५६. लोक म्हणतात, १,६५६ वजा ७८० म्हणजे ८७६ सुटतात, २८६ प्रतींत खर्च भरून निघेल. चूक. प्रेस विकलेल्या प्रती छापत नाही, ५०० छापते. म्हणजे ५,५०,००० आधीच गेले आणि प्रत्येक विक्रीतून टपाल वजा जाता १,४७६ येतात. ३७३ प्रती लागतात. मोहिमेचं लक्ष्य ३७३ × १,८००, म्हणजे ६,७१,४०० रुपये. पुस्तकावर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर लागतो आणि तो परत मिळत नाही. तो ६०० मध्ये धर.

लक्ष्य गाठलं तरच पैसे, नाहीतर सगळ्यांना परत, अशीच पद्धत निवड. अर्धे पैसे हातात आणि पुस्तक छापणं भाग, यासारखा पेच नाही. किकस्टार्टरवर भारतातून प्रकल्प टाकता येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच व्यासपीठांवर दवाखान्याच्या मदतीचीच गर्दी असते. मला विचारशील तर आपली जुनी प्रकाशनपूर्व सवलत जास्त खात्रीची: साधं पान, पेमेंट लिंक, मुदत आणि परतीची लेखी अट. गेटवेचेच दोन-तीन टक्के जातील. बक्षिसं कमी ठेव. डार्करूम प्रिंट द्यायची तर २५ च्या वर नको, फायबर पेपर धुऊन, वाळवून, सपाट करण्यात आठवडे जातात.

वेळ. पावसाळ्यात पुठ्ठे वाकतात, गोंद वाळत नाही. पुढे दिवाळी अंक, मग कॅलेंडरं-डायऱ्या, प्रेसला फुरसत नसते. तेव्हा नोव्हेंबरात ३० दिवस मोहीम, जानेवारीत छपाई, फेब्रुवारीत बांधणी. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, अर्ज आत्ताच कर. शिवाय १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत द्यावी लागते, त्या चार वेगळ्या काढ.

आता एवढंच कर. बाइंडरकडून त्याच कागदाची, त्याच पुठ्ठ्याची ९६ पानी कोरी डमी बांधून घे, खोक्यात घाल आणि मला पाठव. काट्यावर काय भरलं आणि टपाल किती पडलं ते पाकिटावर लिही.

तुझा,
मुकुंद