शनिवारी रात्री साडेनऊला

बर्मिंगहॅम, डिसेंबर

प्रिय बंड्या,

अनेक आशीर्वाद. आई-बाबांना नमस्कार सांग, आजीच्या पाया पडलेय म्हणून सांग.

मागच्या शनिवारी ऑनलाइन फोर्टनाइट खेळताना तू तीनदा विचारलंस, "ताई, ऐकू येतंय का?" तिन्ही वेळा मी "हो रे" म्हणाले आणि तुझ्यापर्यंत एकदाही पोचलं नाही. खेळ हरलो त्याचं काही नाही. पण आठवडाभर वाट बघून मिळालेला तास "हॅलो, हॅलो" करण्यात गेला, ते फार लागलं मला. रविवारी ड्युटी नव्हती, म्हणून खेळताना बोलण्याच्या सगळ्या सोयी एकेक करून लावून बघितल्या. फोनवर सांगितलं तर अर्धं विसरशील. हे पत्र समोर ठेव आणि त्याप्रमाणे कर.

आपली खरी अडचण ही, की तिघांची खेळायची तीन यंत्रं, तीन वेगळे कन्सोल. तुझा प्लेस्टेशन म्हणजे पीएस 5, माझा एक्सबॉक्स, आणि पुण्याच्या दादाकडे मामांनी दुबईहून आणलेला जुना निन्टेन्डो स्विच. फोर्टनाइटमध्ये तिघं एकाच स्क्वाडमध्ये, म्हणजे चौघांच्या टीममध्ये येतो, पण प्लेस्टेशनचा पार्टी चॅट (आपल्या गटाशी बोलायची सोय) प्लेस्टेशनवाल्यांपुरता आणि एक्सबॉक्सचा एक्सबॉक्सवाल्यांपुरता. दोन्ही चांगले आहेत, आवाज स्वच्छ येतो. तू तुझ्या वर्गातल्या मुलांशी खेळतोस तेव्हा तोच वापर. आणि बाबांना सांग, नुसत्या पार्टी चॅटला प्लेस्टेशन प्लस या मेंबरशिपचे पैसे पडत नाहीत, फोर्टनाइटलाही नाहीत. एक्सबॉक्सवर पूर्वी दोन्हीसाठी पैसे भरून गोल्ड मेंबरशिप लागायची, 2021 च्या एप्रिलपासून तीही लागत नाही.

दादाच्या स्विचची मात्र तऱ्हाच वेगळी. निन्टेन्डोचा स्वतःचा व्हॉइस चॅट त्या स्विचवर फोनमधल्या ॲपमधून चालतो. त्याला पैसे भरून मेंबरशिप हवी आणि मोजक्याच खेळांत तो आहे. 2025 च्या जूनमध्ये आलेल्या स्विच 2 मध्ये माइक आतच बसवलाय आणि बोलण्यासाठी कंट्रोलरवर सी नावाचं बटण दिलंय. पण ते गेमचॅटही स्विच 2 वाल्यांचं आपापसात. आपल्याला त्याचा उपयोग नाही.

व्हॉट्सॲप कॉल आपण दिवाळीत करून पाहिलाच. फोन सोफ्यावर, खेळाचा आवाज टीव्हीतून, त्यात बाबांना कुणाचा तरी फोन आला की आपण तुटलो. शिवाय खेळाचा आवाज कमी आणि माणसाचा जास्त, असं काही करता येत नाही. कन्सोलवर त्याची एक पट्टी असते, ती माणसाच्या बाजूला सरकवली की गोळ्यांच्या आवाजातही बोलणं कळतं.

उरले दोन. पहिला फोर्टनाइटचा स्वतःचा चॅट. तिघांच्या तिन्ही यंत्रांवर चालतो. दादानं स्विचला वायरचा माइकवाला इअरफोन लावला की झालं, फोनसुद्धा नको. पण खेळ बंद केला की बोलणंही बंद. आणि मला तर खेळ संपल्यानंतरचं बोलणंच जास्त हवं असतं. तू हा वापरलास तर एक सेटिंग आधी बदल: व्हॉइस चॅट चॅनल "पार्टी"वर ठेव, "गेम"वर नाही. "गेम"वर असलं की टीममध्ये आलेला चौथा अनोळखी माणूसही आपल्या घरातलं ऐकतो. परवा अशाच एकानं इतक्या घाण शिव्या दिल्या की मी हेडफोन काढून ठेवला. आजी तुझ्या शेजारी बसलेली असते रे.

म्हणून मी दुसरं, म्हणजे डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप ठरवलंय. एक्सबॉक्सवर ते 2022 मध्ये आलं, पीएस 5 वर 2023 च्या मार्चमध्ये. सुरुवातीला पीएस 5 वर फोनमधून कॉल कन्सोलवर ढकलावा लागायचा, आता थेट कन्सोलवरूनच आत जाता येतं. सेटिंग्जमध्ये युझर्स अँड अकाउंट्स, त्यात लिंक्ड सर्व्हिसेस, तिथं डिस्कॉर्ड जोड. एकदाच करायचं. मग खेळताना पीएसचं बटण दाबून गेम बेस नावाच्या मेनूत गेलास की आपली बोलण्याची खोली दिसेल. खोलीचं नाव मी "माजघर" ठेवलंय. स्विचवर डिस्कॉर्ड नाही, त्यामुळे दादाला फोन शेजारी ठेवून एका कानात इअरफोन घालावा लागेल. एवढं तो करील, विचारलंय मी त्याला.

मागच्या शनिवारी का फसलं तेही सांगते. तुझ्या पीएसवर सेटिंग्ज, नेटवर्क, मग इंटरनेट टेस्ट कर आणि नॅट टाइप, म्हणजे बाहेरच्यांशी थेट जोडलं जाणं किती मोकळं आहे ते बघ. 2 असेल तर ठीक. 3 असेल तर व्हॉइस चॅट अडखळतो, एकाला ऐकू येतं, दुसऱ्याला नाही. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे एकाच पत्त्यामागं अनेक घरं जोडलेली असतात, त्यामुळे हे होतं. डिस्कॉर्डचा आवाज त्यांच्या सर्व्हरवरून फिरून येतो, घरातून थेट घरात जात नाही, म्हणून तिथं हा त्रास कमी. डेटाची काळजी बाबांना नको, आपल्या खोलीचा आवाज नेहमीच्या 64 केबीपीएसवर ठेवला तर एका आवाजाला तासाला 30 एमबीसुद्धा लागत नाहीत.

आणि ब्लूटूथ इअरबड मागू नकोस आईकडे. पीएस 5 ला ते सरळ जोडलेच जात नाहीत, माझ्या एक्सबॉक्सलाही नाहीत. टीव्हीखालच्या खणात माझ्या जुन्या फोनचा वायरचा इअरफोन आहे, तो कंट्रोलरच्या खालच्या भोकात घाल. तुझ्या कंट्रोलरमध्ये माइक आहे, पण टीव्हीचा आवाज त्यात शिरतो आणि माझंच बोलणं मला घुमून परत येतं. तुझ्या अंगठ्याखालची बटणंसुद्धा टकटक ऐकू येतात.

तरी त्या माइकबद्दल एक सांगायचंय. मागच्या शनिवारी तुझा आवाज तुटत होता, पण मध्येच दहा-बारा सेकंद सगळं लख्ख आलं. कुकरची शिट्टी झाली, आई "दोन झाल्या का तीन गं?" म्हणाली आणि आजी म्हणाली, "तीन." मग परत खरखर. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून तशीच बसले. इथं चार वाजताच अंधार पडतो आणि माझ्या खोलीत कुकर नाही.

तर असं कर. खेळताना इअरफोन लाव, म्हणजे आपलं बोलणं नीट होईल. खेळ संपला की इअरफोन काढ, टीव्ही बारीक कर, कंट्रोलर स्वयंपाकघराच्या दाराशी ठेव आणि डिस्कॉर्ड चालू राहू दे. जेवायला बसलात तरी चालेल, माझ्याशी कुणी बोललं नाही तरी चालेल.

शनिवारी तुमचे रात्रीचे साडेनऊ, माझे दुपारचे चार. खेळाचा सर्व्हर कुठला ते ठरवणारा रीजन मिडल ईस्टवर ठेवू, दोघांनाही मधलं पडेल. बसण्याआधी कंट्रोलरवरचं म्यूटचं बटण बघ. केशरी दिवा लागलेला असेल तर मला काही ऐकू येणार नाही.

तुझी,
ताई